फियाटचं हेड आणि बिननावाचे उस्ताद

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा शारजाहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. कामाच्या टेबलावर ॲल्युमिनियमचा एक लांबट, जड, जुना ठोकळा ठेवलेला. त्याच्या अंगावर ओतकामातच उठावदार इंग्रजी अक्षरं आलेली होती: एडलब्रॉक. फोटोखाली त्याचा आवाजी निरोप होता. "सर, हे फार जुनं हेड आहे. इथे एक शेख जुन्या अमेरिकन गाड्या जमवतो, त्याच्या गाडीचं. असं हेड मिळावं म्हणून लोक दुनियाभर शोध घेतात. आपले चाचा पण हेच काम करायचे ना? मग त्यांनी केलेल्या हेडवर त्यांचं नाव का नाही?"

हा मुलगा आमच्या उर्दू शाळेत नववीपर्यंत होता. घरची परिस्थिती बिकट झाली आणि त्याने शाळा सोडली. निघताना मी त्याला वर्गासमोर म्हणालो होतो, "पाना-पक्कड हातात घेऊन कुणाचं भलं झालंय?" तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दुर्गाडीकडून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चाचांच्या गॅरेजात जायला लागला. आज तो शारजात इंजिनं बांधतो आणि त्याच्या दोन बहिणींची लग्नं त्याच पाना-पक्कडीवर झाली. मी बोललेलं तो विसरला असेल, मी विसरलेलो नाही.

त्याचा प्रश्न साधा होता. पण मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर, इंजिनातलं मला काय कळणार? तरी प्रश्न डोक्यातून जाईना. मग जमेल तसं वाचत गेलो, चाचांकडे जाऊन बसू लागलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे.

आधी हेड म्हणजे काय ते बघू. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात सिलिंडर, त्यात वर-खाली होणारा पिस्टन. या ब्लॉकवर झाकणासारखं बसतं ते हेड. पण नुसतं झाकण म्हणून त्याला सोडून देता येत नाही. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन वर येताना दाबलं जातं आणि ठिणगीने पेटतं, ते हेडमधल्या पोकळीत. या पोकळीला चेंबर म्हणतात. आजच्या इंजिनात हवा आत यायची वाट, जळालेला धूर बाहेर जायची वाट आणि त्या वाटा उघडणारे-बंद करणारे व्हॉल्व हे सगळं हेडमध्येच असतं. इंजिन किती श्वास घेतं आणि घेतलेला श्वास किती दाबतं, हे दोन्ही हेड ठरवतं. म्हणून ज्यांना इंजिनातून जास्त ताकद काढायची असते त्यांचा हात पहिल्यांदा हेडवर जातो.

अमेरिकेत हा उद्योग कसा उभा राहिला ते पाहण्यासारखं आहे. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बाजारात आणलं. त्याचे व्हॉल्व ब्लॉकमध्येच बाजूला होते, त्यामुळे हेड अगदी सपाट. ही इंजिनं स्वस्त होती, भंगारातही मिळायची. कॅलिफोर्नियातली गॅरेजवाली पोरं ती उचलायची, घरी नीट करायची आणि सुकलेल्या तलावांच्या सपाट मैदानावर पळवायची. त्यांच्यातलाच एक विक एडलब्रॉक. जन्म १९१३ चा, धंदा गाड्या दुरुस्तीचा. मूळ लोखंडी हेडच्या जागी बसेल असं ॲल्युमिनियमचं हेड त्याने ओतून घेतलं. चेंबर लहान, म्हणजे दाब जास्त. ॲल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर टाकतं, म्हणून तो वाढीव दाब सोसतं. त्याने आणखी एक गोष्ट केली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९४६ च्या सुमाराला त्याने आपल्या मालाचं कॅटलॉग छापलं. कोणता भाग, कोणत्या इंजिनाला, किती किमतीला. आणि प्रत्येक भागावर आपलं नाव.

दुसरा माणूस झोरा आर्कस-डंटोव्ह. ब्रुसेल्समध्ये जन्मलेला, रशियन ज्यू आईबापाचा मुलगा. हिटलरचं सैन्य फ्रान्समध्ये शिरलं तेव्हा जीव वाचवून निघाला आणि न्यूयॉर्कला पोचला. तिथे तो आणि त्याचा भाऊ युरा यांनी १९४७ मध्ये फोर्डच्या त्याच सपाट इंजिनासाठी वेगळंच हेड बनवलं. व्हॉल्व वर आणले आणि चेंबर अर्ध्या गोळ्यासारखं केलं. मूळ हेतू फोर्डचे ट्रक गरम होऊ नयेत हा होता, पण ते हेड गाजलं ते शर्यतीच्या गाड्यांवर. आर्कसमधला 'आर' आणि डंटोव्हमधला 'डन' जोडून त्याचं नाव ठेवलं आर्डन. निर्वासित म्हणून आलेल्या दोन भावांचं आडनाव असं ॲल्युमिनियममध्ये कोरलं गेलं आणि आजही जुन्या गाड्यांच्या बाजारात ते नाव घेताना लोकांचा आवाज बदलतो.

पुढे १९६४ च्या आसपास मसल कारचा जमाना आला. मध्यम आकाराच्या गाडीत मोठं व्ही-एट इंजिन बसवायचं, हे त्याचं सूत्र. पाँटियाक जीटीओपासून ही लाट धरतात. त्याच वर्षी क्रायस्लर कंपनीने ४२६ घनइंचाचं हेमी इंजिन शर्यतीत उतरवलं. हेमी म्हणजे तेच, अर्ध्या गोळ्याचं चेंबर. डेटोनाच्या ५०० मैलांच्या शर्यतीत हे इंजिन लावलेल्या प्लिमथ गाड्यांनी पहिले तीनही नंबर घेतले. शेव्हरोलेच्या काही हेडच्या टोकाला ओतकामात दोन उंचवटे असायचे, उंटाच्या पाठीसारखे. आजही भंगाराच्या ढिगात नुसते ते दोन उंचवटे दिसले तरी जाणकार वाकून बघतो. डॅन गर्नी हा शर्यतपटू आणि हॅरी वेस्लेक हा इंग्लंडमधला हवेच्या वाटांचा जाणकार, या दोघांनी फोर्डच्या व्ही-एटसाठी बनवलेली हेडं लावून फोर्ड जीटी-४० ने १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मांसची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे विमा महागला, धुराचे कायदे आले, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि हा जमाना ओसरला. पण माल टिकला, कारण त्यावर नावं होती, नंबर होते आणि कॅटलॉगं जपलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, यात आपलं काय? तर त्या क्रायस्लरचा एक धागा थेट कुर्ल्यापर्यंत येतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायस्लरशी करार केला. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या आणि ट्रक जोडले जाऊ लागले. तिकडे १९५१ मध्ये क्रायस्लरने आपल्या मोठ्या गाड्यांना अर्धगोल चेंबरचं व्ही-एट दिलं. आपल्याकडे आलेल्या गाड्यांत मात्र सहा सिलिंडरचं जुन्या वळणाचं, बाजूच्या व्हॉल्वचं साधं इंजिन होतं. आपल्या मिस्त्रींचा हात आधी त्या सपाट हेडवर बसला. पेट्रोल परवडेना तेव्हा यातल्या कितीतरी गाड्यांत त्यांनीच डिझेल इंजिनं बसवली.

मग आली फियाट. प्रीमियरने १९५४ पासून फियाट ११०० बनवायला घेतली. १९६४ मध्ये तिचं नवं रूप आलं आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे ती. तिचं इंजिन १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. या इंजिनाचं घराणं फियाटच्या १९३७ च्या गाडीपर्यंत मागे जातं.

आता गंमत ऐका. ज्या घराण्याचं इंजिन आपल्या टॅक्सीत चाळीसेक अश्वशक्ती देत व्हीटी ते दादर करत होतं, त्याच घराण्याच्या इंजिनावर इटलीत शर्यती जिंकल्या गेल्या. तिथे इंजिन सुधारणाऱ्यांची एक परंपराच होती. तुरीनच्या सियाता कंपनीने फियाटच्या छोट्या टोपोलिनो गाडीसाठी वरच्या व्हॉल्वचं हेड बनवून विकलं. मोदेना शहरातल्या स्टँग्वेलिनी यांनी फियाट ११०० चं इंजिन घेऊन शर्यतीच्या गाड्या बांधल्या. १९५८ मध्ये इटलीत फॉर्म्युला ज्युनिअर नावाची शर्यत सुरू झाली. नियम असा की इंजिन रोजच्या गाडीचंच हवं. १९५९ मध्ये मोनॅकोच्या रस्त्यांवर मायकेल मे नावाच्या तरुण इंजिनिअरने स्टँग्वेलिनी गाडी पळवून ही शर्यत जिंकली. पुढे याच मायकेल मेने जगुआरच्या बारा सिलिंडर इंजिनासाठी नवं चेंबर शोधून काढलं आणि १९८१ पासून जगुआरने ते वापरलं. म्हणजे हेडचा पुढे नामांकित झालेला जाणकार तरुणपणी आपल्या टॅक्सीच्या चुलत इंजिनावर स्वार झाला होता.

तुरीन आणि मोदेनाला जे झालं ते कुर्ला, कल्याण, भिवंडीला का झालं नाही? आपल्या मिस्त्रींना अक्कल कमी होती म्हणून? हा समज खोटा आहे हे मला माझ्या लहानपणीच कळायला हवं होतं.

माझे अब्बा भिवंडीच्या एका लूमवाल्या शेठची पद्मिनी चालवायचे. महिन्यातून दोन-तीनदा भिवंडी ते मालेगाव खेप असायची. आत पाच माणसं, डिकीत आणि कॅरिअरवर सुताची गाठोडी. उन्हाळ्यात कसारा घाट आला की गाडीची परीक्षा सुरू. रेडिएटर उकळायचा. पेट्रोल पंपातच वाफ व्हायची, मग त्यावर ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं. एवढं करूनही गाडी जास्त तापली की ॲल्युमिनियमचं हेड वाकडं व्हायचं, गॅस्केट उडायचं आणि तेलात पाणी शिरायचं. मग गाडी चाचांच्या गॅरेजात. मला सुट्टी असली की मीही अब्बांबरोबर जायचो.

चाचा आधी हेडवर पोलादी पट्टी उभी ठेवून तिच्याखालून उजेड दिसतो का ते बघायचे. उजेड दिसला की हेड वाकलं. मग ते गोणपाटात गुंडाळून प्लेन करायला जायचं, कधी डोंबिवली एमआयडीसीत, कधी ठाण्याच्या वागळे इस्टेटला. तिथल्या मशिनवर दहा थाऊ, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, घासून हेड पुन्हा सपाट व्हायचं. हे झालं निव्वळ दुरुस्तीचं काम. चाचांचं खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं.

हेड घासलं की चेंबर लहान होतं आणि दाब वाढतो. किती वाढतो, हे आता मी आठवीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवतो. एका सिलिंडरची जागा साधारण २७२ सीसी. दाबाचं प्रमाण साडेसातास एक धरलं तर चेंबर सुमारे ४२ सीसीचं. हेड एक मिलिमीटर घासलं की त्यातले साडेतीन सीसी जातात आणि प्रमाण आठाच्या जरा वर पोचतं. गाडी हलकी पळायला लागते. पण त्या काळी आपल्याकडचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं, त्यात भेसळ. दाब जास्त झाला की पेट्रोल वेळेआधीच पेटतं, इंजिन खटखट करतं, पिस्टनला भोक पडायचीही भीती. अमेरिकेतला एडलब्रॉक दाब वाढवायला निघाला होता. चाचांना तो आवरून धरायचा होता. म्हणून प्लेन करून आणलेल्या हेडचं चेंबर ते आतून हाताने थोडं कोरून काढायचे, चारही चेंबर सारखी होईपर्यंत.

सारखी झाली हे कसं कळायचं? त्यांच्याकडे काचेचा एक जाड तुकडा होता, मध्ये भोक पाडलेला. तो चेंबरवर ग्रीस लावून बसवायचा आणि डॉक्टरकडून मागून आणलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीने भोकातून घासलेट सोडायचं. किती सीसी मावलं ते पिचकारीवर वाचायचं. मी अलीकडे वाचलं की अमेरिकेत हेडवाले हेच करतात. त्यांच्याकडे प्लास्टिकची पट्टी आणि प्रयोगशाळेतली काचेची नळी असते, इतकाच फरक. चाचांनी ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. ते चौथीपर्यंत शिकले आहेत.

हवेच्या वाटांमध्ये ओतकामाचे खडबडे राहिलेले असतात. चाचा ते कानशीने आणि पॉलिश पेपरने काढायचे. मॅनिफोल्डचं भोक आणि हेडचं भोक तंतोतंत जुळतंय का, हे गॅस्केट ठेवून खडूने आखून बघायचे. व्हॉल्वची बैठक तीन कोनांत कापायची, मग पेस्ट लावून व्हॉल्व त्यावर घासायचा, मग हेड उलटं करून चेंबरमध्ये घासलेट भरून ठेवायचं. ते नमाजला जाऊन परत येईपर्यंत एक थेंबही खाली उतरला नाही तरच हेड पास. घासल्यामुळे हेड खाली आलं असेल तर रॉकरच्या स्टँडखाली तेवढ्याच जाडीचा पत्रा. अब्बा म्हणायचे, "चाचांच्या हातून गेलेली गाडी कसाऱ्याला एक गिअर वर चढते."

इथे मला दोन देशांमधला फरक कळला. तिकडे चांगलं हेड म्हणजे पाव मैल किती सेकंदांत. आपल्याकडे चांगलं हेड म्हणजे पाच माणसं आणि सुताची गाठोडी घेऊन घाट न उकळता पार. तिथे गाडी हौसेची होती, जुनी झाली की नवी मिळत होती. इथे लायसन्स-परमिटचा काळ. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची, बाहेरून सुटा भाग आणायचा तर आयातबंदी. त्यामुळे नवं हेड ओतून विकण्याचा धंदा उभा राहायला वावच नव्हता. जुनंच हेड पुन्हा पुन्हा जगवणं, हीच आपली विद्या झाली. मोटारींच्या शर्यती आपल्याकडेही झाल्या, मद्रासजवळ शोलावरमला, मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर. तिथे सुधारलेल्या फियाटही पळाल्या. पण तो जहागिरदारांचा आणि शेठलोकांचा शौक. चालवणाऱ्याचं नाव पेपरात आलं, हेड घासणाऱ्याचं क्वचितच.

डोंबिवलीशी या गाडीच्या घराचं आणखी एक नातं आहे. प्रीमियरचा दुसरा कारखाना कल्याण-शीळ रस्त्यावर होता. १९९० च्या दशकात तिथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर ३०९ ही गाडी बनू लागली. मोठी आशा होती. पण कामगारांचे वाद चिघळले आणि १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. कारखान्यातली काही मंडळी नंतर चाचांच्या गॅरेजात येऊन बसायची, मोजमापाच्या चार गोष्टी सांगायची, चहा पिऊन जायची. आज डोंबिवलीच्या मुलांना प्रीमियर म्हणजे सभांचं मैदान एवढंच माहीत आहे. तिथे इंजिनाच्या गाड्या बनायच्या हे सांगितलं तर ती हसतात.

नंतर काळ झपाट्याने बदलला. २००० मध्ये देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी ते चांगलंच झालं, पण जुन्या इंजिनात ते शिसं व्हॉल्वच्या बैठकीला वंगणासारखं होतं. पाठोपाठ मुंबईच्या जुन्या टॅक्सी कोर्टाच्या आदेशाने सीएनजीवर गेल्या. हा वायू कोरडा, व्हॉल्वच्या बैठका तो लवकर खातो. त्या काळात चाचांकडे हेडची रांग लागायची. ते म्हणायचे, "गॅस ने पेट भर दिया, मगर हेड खा लिया." मग पद्मिनीच संपली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला, लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले. तिला एवढी वर्षं चालती ठेवणाऱ्यांबद्दल त्यात फारसं काही नव्हतं.

आपल्या समाजात इतिहास म्हटलं की आपण किल्ले, तलवारी, बादशहा आणि मकबरे यांच्याकडे धावतो. कारखान्यातल्या माणसाचा विषय निघाला तर कुणीतरी अल-जजरीचं नाव घेतो आणि अभिमानाने मान ताठ करतो. अल-जजरी मोठा होताच. दियारबकरच्या दरबारातला हा कारागीर. त्याच्या पाणी उपसणाऱ्या एका यंत्रात दोन सिलिंडर, पिस्टन आणि एका बाजूनेच उघडणारे व्हॉल्व आहेत. पण तो आपल्याला माहीत का आहे? कारण त्याच्या राज्यकर्त्याने त्याला सांगितलं की हे सगळं लिहून ठेव, आणि त्याने १२०६ मध्ये चित्रांसकट, मापांसकट पुस्तक पुरं केलं. त्याच्या आगेमागे असे किती कारागीर होऊन गेले असतील, ज्यांना कुणी लिहायला सांगितलं नाही? एडलब्रॉकचं कॅटलॉग आणि अल-जजरीचं पुस्तक, दोन्ही एकच काम करतात. चाचांकडे यातलं काहीच नव्हतं. आणि त्यांच्यापासून दोन किलोमीटरवर मी, दोन भाषांचा मास्तर, रोज मुलांना निबंध लिहायला शिकवत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन चाचांकडे गेलो. त्यांचं वय झालंय, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, गॅरेज आता पुतण्या बघतो आणि तिथे स्कूटरचंच काम जास्त असतं. शारजाचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "ओतकाम साफ है. किस का है?" मी नाव सांगितलं आणि मुलाचा प्रश्नही सांगितला. ते उठले, मागच्या फळीखालून पद्मिनीचं एक काळं पडलेलं हेड काढलं आणि एका कोपऱ्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. तिथे पंचाने मारलेले तीन ठिपके होते.

"हे काय, चाचा?"

"एक बार घिसा, एक ठिपका. तीन बार घिसा है ये. चौथी बार कोई न घिसे."

म्हणजे नोंद होती. पुढच्या मिस्त्रीसाठी ठेवलेली, फक्त तिच्यात नाव नव्हतं. मी विचारलं, "तुमचं नाव का नाही टाकलं?" ते म्हणाले, "हेड तो फियाट का है, मास्तर. मेरा क्या?" हा नम्रपणा असेल. पण आपलं काम आपलं म्हणायचा हक्क आहे, हे त्यांना आयुष्यात कुणी सांगितलंच नव्हतं, असंही मला वाटलं. मी तर उलटंच सांगत आलो होतो, त्यांच्या शागिर्दाला, भर वर्गात.

त्या सुट्टीत आम्ही अकरा दिवस बसलो. कुठल्या गाडीचं हेड किती थाऊपर्यंत घासायचं, कुठे थांबायचं, चेंबर कुठून कोरायचं, कुठे हात लावायचा नाही, हे सगळं मी एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत लिहून घेतलं. कितीतरी शब्द मला दोन्ही भाषांत नवे होते. चाचा माप सांगताना आकडा न सांगता बोट दाखवायचे, मग मी व्हर्निअरने मोजून आकडा लिहायचो. पुतण्या आधी हसत होता, पाचव्या दिवसापासून तोही येऊन बसायला लागला. जानेवारीत चाचा शाळेतही आले. आधी नकोच म्हणत होते, "मैं स्कूल में क्या बोलूँगा?" पण ते हेड गोणपाटात बांधून घेऊन आले. काच ठेवली, पिचकारीने पाणी सोडलं आणि मुलांनी चारही चेंबरचं माप घेतलं. तीन चेंबरचं माप सारखं आलं, चौथ्याचं अर्धा सीसी कमी. चाचांनी चष्मा पुसून पुन्हा मोजायला लावलं. आकडा तोच आला. "उस दिन जल्दी में था," ते म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला, तेही हसले.

माझ्या वाचकांमध्ये शिक्षक बरेच आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, काम येतं पण कागद नाही अशा कारागिरांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. आपल्या वस्तीतल्या गॅरेजवाल्यांना ती क्वचितच माहीत असते. अर्ज भरून देणं हे आपल्याला जमण्यासारखं काम आहे. त्या कागदाने परदेशातल्या मुलाचा पगारही बदलू शकतो. दुसरी गोष्ट, शाळा सोडून गॅरेजात गेलेल्या मुलाला शाळेने सोडू नये. शाळा सुटू नये यासाठी झगडायचंच, पण सुटलीच तर त्याच्या हातातलं काम त्याला लिहिता आलं पाहिजे, एवढं तरी आपण बघू शकतो. मुंब्रा, भिवंडी, कल्याण, कुर्ला इथे असे चाचा अजून आहेत. कुणी हेडचे, कुणी लूमचे, कुणी लेथचे. त्यांच्यातले बरेचसे सत्तरीच्या पुढे आहेत.

वहीची पानं मी फोटो काढून शारजाला पाठवली. पहिल्या पानावर चाचांचं पूर्ण नाव, त्यांच्या उस्तादांचं नाव आणि कल्याण हे गाव लिहिलं आहे. इथे ते देत नाही, कारण चाचांनी तशी परवानगी अजून दिलेली नाही. म्हणतात, आधी वही पुरी होऊ दे. मुलाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्याने माझ्या लिहिण्यातली एक चूक काढली होती. व्हॉल्वच्या बैठकीच्या तीन कोनांचा क्रम मी उलटा लिहिला होता. मी चाचांना विचारलं. मुलगा बरोबर होता. मी वहीत दुरुस्ती केली आणि समासात त्याचं नाव लिहिलं.